दारातली म्हैस आणि 40 कडवी

प्रश्न विचारणाऱ्या ताई बालवाडीत शिकवतात. दारात ठाण मांडून बसलेल्या म्हशीची एक गोष्ट त्यांनी 3 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी यमकात लिहिली आहे. 40 कडवी. घरच्यांना आवडली, वर्गात त्या वाचून दाखवतात तेव्हा मुलंही खूश असतात. पण दोन प्रकाशकांकडून वही परत आली. एकाने कळवलं, "लय सांभाळलेली नाही." दुसऱ्याने कळवलं, "चित्राला जागा नाही." ताई विचारतात, प्रत्येक ओळीला यमक आहे, मग लय नाही म्हणजे काय? चित्रकाराला अख्खं पान मोकळं आहे, मग जागा नाही म्हणजे काय? मूल नेमकं हसतं कशाला? आणि जाता जाता, पुस्तकाचं नाव काय ठेवू?

वीसेक वर्षं मी लहान मुलांची चित्रपुस्तकं संपादित करते आहे, थोडी लिहिलीही आहेत. माझ्या मते दोन्ही प्रकाशक बरोबर बोलले, फक्त फार कमी बोलले.

आधी लयीचं बघू. वर्गात मुलांना मजा येते ती तुमच्या वाचण्यामुळे. तुमच्या डोक्यात गोष्टीची एक चाल आहे. कुठे शब्द ताणायचा, कुठे दोन अक्षरं गिळायची, कुठे थांबून डोळे मोठे करायचे, हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर त्यातलं काहीच उतरलेलं नाही. पुस्तक छापून घरोघरी गेलं की ते वाचणार कोण? रात्री साडेनऊला, दिवसभर राबून आलेले, एका हाताने मोबाइल बाजूला सारणारे बाबा. किंवा चष्मा शोधत बसलेली आजी. ऐकतं मूल, पण वाचणारं तोंड मोठ्या माणसाचं असतं. त्या तोंडाने पहिल्याच वाचनात बरोबर ठिकाणी आघात घेतला पाहिजे, तोही कुणी चाल न शिकवता. चित्रपुस्तकातल्या यमकाची खरी परीक्षा ही आहे.

मी हे ठेच खाऊन शिकले. माझं एक सुरुवातीचं पुस्तक प्रकाशनाच्या दिवशी मी झोकात वाचून दाखवलं, टाळ्याही मिळाल्या. महिन्याभराने एका पुस्तक प्रदर्शनात स्टॉलवर उभी होते. एक गृहस्थ तेच पुस्तक मांडीवरच्या मुलीला वाचून दाखवत होते. तिसऱ्या पानावर अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच अडखळले. तिसऱ्यांदा ती ओळ सोडून थेट चित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, हत्ती." चूक त्यांची नव्हती. ती ओळ माझ्या गळ्यात बसत होती, त्यांच्या गळ्यात बसत नव्हती.

आता तुमच्या पहिल्या दोन ओळी:

एका गावामध्ये होती एक म्हैस काळी,
दारामध्ये बसली ती एकदा सकाळच्या वेळी.

मोठ्याने म्हणा आणि टाळ्या वाजवा. पहिल्या ओळीत सात टाळ्या सरळ पडतात: एका, गावा, मध्ये, होती, एक, म्हैस, काळी. दुसरी ओळ "दारामध्ये बसली" पर्यंत नीट चालते आणि "ती एकदा सकाळच्या" पाशी गाडी खडकावर चढते. तिथे टाळी कुठे द्यायची हे दोन माणसं दोन तऱ्हांनी ठरवतील. "काळी–वेळी" यमक जुळलं, पण त्या यमकापर्यंत पोहोचणारा रस्ता उखडलेला राहिला. प्रकाशक म्हणाले ते हेच.

इथे बरेचजण वृत्ताकडे धाव घेतात, अक्षरं आणि मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) मोजायला बसतात. मोजायला हरकत नाही. माधव जूलियन यांची वृत्तांवरची 1937 ची 'छंदोरचना' हाताशी असली तर चांगलंच. पण बडबडगीताचा हिशोब वहीतल्या मात्रांवर चालत नाही, तो टाळीवर चालतो. आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं पावसाचं गाणं घ्या. "येरे येरे पावसा" च्या मात्रा 13. "तुला देतो पैसा" च्या 11. पुढची ओळ 12, शेवटची पुन्हा 13. वहीत काहीच जुळत नाही. पण म्हणून बघा: ये रे, ये रे, पाव, सा. तुला, देतो, पै, सा. पैसा, झाला, खो, टा. पाऊस, आला, मो, ठा. चार टाळ्या, चारही ओळींत. "पै" एकटाच एक टाळी खातो आणि "पाऊस" मधली तीन अक्षरंही एकाच टाळीत मावतात. कुणी शिकवलेलं नसताना महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल ते असंच म्हणतं. तोंडातोंडी टिकलेल्या गाण्याची ही ताकद, आणि आपल्याला हवी आहे ती हीच.

मराठीत आणखी एक पाचर आहे, ती लिहिताना दिसत नाही. आपण लिहितो एक आणि बोलतो दुसरं. "उंदराने" हा शब्द कागदावर चार अक्षरी, सात मात्रांचा. तोंडात तो "उंद्राने" होतो, मात्रा सहा. "मांजरीने" चंही तसंच, बोलताना "मांज्रीने". कागदावर मोजून बसवलेली ओळ म्हणूनच कधी कधी तोंडात एक पाऊल आधी संपते आणि वाचणारा रिकाम्या पायरीवर पाय ठेवल्यासारखा दचकतो. त्यामुळे मात्रा मोजल्या तरी त्या उच्चाराच्या मोजा.

इंग्रजी पुस्तकं पुढ्यात ठेवून तशी लय मराठीत आणायचा मोह अनेकांना होतो. अमेरिकन बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांनी 1960 साली फक्त 50 वेगवेगळे शब्द वापरून एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातले 49 शब्द एकाच उच्चारात संपणारे. इंग्रजीला ते जमतं, कारण तिथे मांजर चटईवर बसो की चटईखाली, शब्दाचा आकार बदलत नाही. आपल्याकडे मांजर चटईवर बसलं की "चटई" ला "वर" चिकटतो, मांजराला कुणी हाकललं की "मांजराला" होतं. प्रत्यय लागले की शब्द लांबतो. त्यामुळे मोजून-मापून कापलेल्या छोट्या विटांची भिंत मराठीत उभी राहत नाही. आपलं भांडवल वेगळं आहे: कुळकुळीत, लुटुलुटु, धपाधप, ऐसपैस. या भाषेत नादाच्या शब्दांची अशी खाण असताना आपण "छान छान" आणि "मस्त मस्त" वर का भागवतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुमच्या म्हशीला मी थोडा हात लावला आहे. रागावू नका. ही ओळ घ्याच असं म्हणत नाही, फक्त कसं करून बघायचं ते दाखवते:

आमची म्हैस ऐसपैस
बसली अडवून दार.
आजी म्हणाली, "ऊठ गं बाई!"
म्हैस म्हणाली, "गाऽऽर!"

मात्रा मोजाल तर 14, 12, 18, 11. शास्त्रात नापास. टाळीने म्हणा: चार, तीन, चार, तीन, आणि प्रत्येक तीनच्या पुढे एक रिकामी टाळी. त्या रिकाम्या टाळीत वाचणाऱ्याला श्वास मिळतो आणि मुलाला हसायला जागा. "एका गावामध्ये" गेलं, "काळी" गेलं, "सकाळच्या वेळी" गेलं. काळी आहे हे चित्रात दिसणार आहे, सकाळ आहे हेही दिसणार आहे. म्हशीला फरशी गार लागते म्हणून ती उठत नाही, हे कारण मात्र तुमच्या बाविसाव्या कडव्यात दडलं होतं. ते सोनं होतं, म्हणून पहिल्या पानावर आणलं.

यमकाबद्दल दोन कडू गोष्टी सांगते.

पहिली अशी की मराठीत यमक फार स्वस्त मिळतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-झाला-केला फुकटात जुळतात. तुमच्या 40 कडव्यांपैकी 27 अशी आहेत, मी मोजली. "सगळे धावत आले, ओढून ओढून दमले, घामाघूम झाले." कानाला हे यमक ऐकूच येत नाही. साध्या बोलण्यातही आपण असंच बोलतो. मूल यमकाला हसतं ते दोन अनोळखी वस्तूंची अचानक टक्कर होते तेव्हा. म्हैस आणि ऐसपैस. गाढव आणि वाढव. पोपट आणि थोपट. ढोकळा आणि मोकळा. "गाढवा, मला भात वाढव" एवढं म्हटलं तरी चार वर्षांचं मूल गडाबडा लोळतं, कारण हातात पळी घेतलेलं गाढव त्याला लगेच दिसतं. नाम आणि क्रियापद, प्राणी आणि खाऊ अशा वेगळ्या जातीच्या शब्दांची सोयरीक जुळवा.

दुसरी गोष्ट भरतीच्या शब्दांची. यमक गाठायला ओळीत "ती", "बरं का", "हो", "छान" कोंबणं, किंवा "निघाली मग म्हैस ती" अशी वाक्याची उलटापालट करणं. असं कुणी बोलतं का? आज्जी सोडा, म्हैससुद्धा असं बोलणार नाही. माझ्याकडे आलेल्या वह्यांत मी असे शब्द लाल पेनने गोल करते आणि गोल दहाच्या वर गेले की वही बंद करून चहा टाकते.

जाता जाता बोलीचं एक. "पाणी–नानी" हे यमक पुण्यात लंगडतं, नागपूरकडे बिनघोर चालतं, कारण तिथे पाण्याचं "पानी" होतं. यावर एकच एक नियम नाही. पण पुस्तक राज्यभर जाणार असेल तर दोन्हीकडे जुळणारी जोडी घ्यावी: पाणी–राणी पुण्यात जुळतं आणि "पानी–रानी" होऊन विदर्भातही जुळतंच. आणि "केले, गेले, मुले" अशी पाठ्यपुस्तकी रूपं नकोत. केलं, गेलं, मुलं लिहा. ऐकणारं मूल घरात जे ऐकतं, ते.

आता दुसऱ्या प्रकाशकाचं म्हणणं, चित्राला जागा नाही. इथे छापखान्याचं गणित आडवं येतं. पातळ चित्रपुस्तक मधोमध पिना मारून बांधतात. घडी घातलेला एक कागद म्हणजे 4 पानं, त्यामुळे पानांची संख्या 4 च्या पटीतच असते. समजा 24 पानांचं पुस्तक आहे. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशकाच्या मजकुराचं. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते, मग 4-5 पासून 22-23 पर्यंत 10 जोडपानं, आणि शेवटी एकटं 24 वं पान. म्हणजे गोष्टीला मिळतात 12 ठिकाणं आणि 11 वेळा पान उलटणं. तुमच्या 40 कडव्यांच्या 160 ओळी त्यात घातल्या तर प्रत्येक ठिकाणी तेरा-चौदा ओळी बसवाव्या लागतील. मग म्हैस काढायची कुठे? एका ठिकाणी तीन ते चार ओळी, बस. मी तर एकूण तीसेक ओळींत गोष्ट संपावी अशा मताची आहे.

म्हणून वही बाजूला ठेवा. सहा कोरे कागद घ्या, एकत्र दुमडा, मधोमध पिना मारा. 24 पानांची डमी तयार. पेन्सिलीने प्रत्येक पानावर ओळी लिहा आणि पानं उलटत वाचा. वहीत गोष्ट वरून खाली घरंगळत जाते, पुस्तकात ती पानापानाने उलगडते. हे एकदा हाताने केल्याशिवाय कळत नाही. मी अजूनही प्रत्येक पुस्तकाची करते, कमीत कमी चार वेळा.

पान उलटणं हे आपल्या हातातलं फार मोठं हत्यार आहे. यमकाचा पहिला शब्द या पानावर ठेवायचा आणि दुसरा पलीकडे लपवायचा:

दादाने दाखवली उसाची कांडी,
म्हशीने ठोकली पक्की...

आता पान उलटायचं. पलीकडे फक्त एक शब्द, "मांडी!", आणि पुढचे पाय दुमडून पंगतीला बसल्यासारखी बसलेली म्हैस. हे लिहिल्यावर मी शेजारच्या पावणेपाच वर्षांच्या मुलीला बोलावून वाचून दाखवलं आणि "पक्की" पाशी थांबले. ती ओरडली, "भांडी!" मी म्हटलं, भांडी कशी ठोकेल? ती म्हणाली, "घासेल मग. तिला गार पाणी आवडतं ना." खरं सांगायचं तर तिची ओळ माझ्यापेक्षा सरस आहे. "म्हशीने घासली सगळी... भांडी!" ठेवायची का ते तुम्ही ठरवा. मुद्दा असा की मुलाला अंदाज बांधायला आवडतं. कान तयार झाला की तोंड आपोआप पुढे धावतं. अंदाज बरोबर ठरला तर मूल जिंकल्यासारखं हसतं, आणि चुकला पण पलीकडे त्याहून भन्नाट काही निघालं तर दुप्पट हसतं.

म्हणूनच कधी कधी यमक जुळवून आणायचं आणि ऐनवेळी मोडायचं. आजी, बाबा, दादा, शेजारचे काका, सगळ्यांनी ओढून झालं. दरवेळी "दार" आणि "गाऽऽर". तिसऱ्या खेपेला मुलं तुमच्या आधी "गाऽऽर" ओरडायला लागतात. आता शेवटून दुसरं जोडपान:

दमून बसले सगळेच खाली,
खचाखच भरलं दार.
म्हैस हलली, म्हैस म्हणाली...

सगळी पोरं श्वास घेऊन "गाऽऽर" म्हणायला सज्ज. पान उलटतं आणि म्हैस म्हणते, "गरम!" आणि उठून चालू लागते. एवढी माणसं दाटीवाटीने बसल्यावर फरशी तापणारच की. यमक मोडलं तिथेच गोष्ट सुटली. विनोदाला असा आतला तर्क लागतो. वेडेपणा चालतो, पण त्या वेडेपणाचा हिशोब चोख हवा. लहान मुलं या बाबतीत वाण्यापेक्षा कडक असतात.

तुमच्या मूळ शेवटात म्हशीला कळतं की "वाट अडवणे वाईट असते" आणि ती सगळ्यांची माफी मागते. ती दोन कडवी काढा. म्हशीने माफी मागितली त्या क्षणी ती म्हैस राहिली नाही, पालकसभेतली मुख्याध्यापिका झाली.

मूल नेमकं कशाला हसतं, हाही तुमच्या प्रश्नाचा एक भाग होता. रशियन बालकवी कोर्नेई चुकोव्स्की यांनी लहान मुलांच्या भाषेवरच्या 'दोन ते पाच' या पुस्तकात आपल्या मुलीची एक आठवण लिहिली आहे. ती दोन वर्षांचीही झालेली नव्हती. एके दिवशी बाबांजवळ येऊन, आपण काहीतरी भलतंच करतोय अशा चेहऱ्याने तिने सांगितलं की कुत्रा म्याव करतो. आणि खदखदून हसली. तिच्या आयुष्यातला तो पहिला विनोद. कुत्रा भुंकतो हे तिला नुकतंच पक्कं कळलं होतं, म्हणून तर ते उलटं करण्यात गंमत होती. यातून आपल्या कामाची एक कसोटी मिळते: जे मुलाला नुकतंच पक्कं झालं आहे तेच उलटं करा. तीन वर्षांच्या मुलाला टोपी कुठे घालतात हे नुकतंच कळलेलं असतं, म्हणून पायात टोपी घातली की ते हसतं. सहा वर्षांचं मूल त्यावर फक्त तुमच्याकडे बघतं. त्याला शब्दांची फसवाफसवी हवी असते, "कावळा खातो आवळा, मग आवळा का नाही खात कावळा?" असली. 3 ते 6 हा वयोगट म्हणूनच कागदावर एक दिसला तरी प्रत्यक्षात दोन आहेत. तुमची म्हैस मला चारच्या आसपासची वाटते.

आणि कुणाच्या जाडेपणाला, काळेपणाला, तोतरेपणाला हसवू नका. वहीत "जाडी मामी" चं एक कडवं आहे. वर्गात एखाद्या मुलीला त्या दिवसापासून ते नाव चिकटेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

चित्राला जागा म्हणजे नुसती पानावरची मोकळी जागा नव्हे. शब्दांनी काहीतरी न सांगता सोडलं पाहिजे. तुमच्या वहीत "आजी आली, हातात काठी, निळं लुगडं, कपाळाला आठी" असं आहे. यमक बरं आहे, पण चित्रकाराने मग काय काढायचं? निळं लुगडं आणि आठी. शब्दांनी जे सांगितलं त्याचीच नक्कल. त्याऐवजी चित्राला स्वतःची एक गोष्ट द्या. मला सुचलं ते सांगते. पहिल्या पानापासून आजीच्या एकाच पायात चप्पल आहे. शब्दांत त्याचा उल्लेख नाही. पान 4-5 वर आजी खाटेखाली वाकून बघते आहे. पान 8-9 वर कुत्र्याकडे संशयाने बघते आहे. आणि म्हशीच्या पोटाखालून चपलेचा एक अंगठा प्रत्येक पानावर डोकावतो आहे. शब्द दाराबद्दल बोलत राहतात, चित्र चपलेबद्दल. मूल हे पाचव्या पानावर हेरतं, वाचणाऱ्या बाबांना दहाव्यापर्यंत पत्ता नसतो, कारण मोठी माणसं अक्षरं वाचतात आणि मुलं चित्र वाचतात. आपल्याला जे दिसतंय ते आजीला दिसत नाही आणि बाबांनाही दिसत नाही, याच्याइतकी चार वर्षांच्या मुलाला सुखावणारी गोष्ट नाही. पुस्तक ते शंभर वेळा मागतं ते यासाठी.

मग 24 व्या पानावर एकही शब्द नको. म्हैस गेली आहे, फरशीवर पापडासारखी चपटी झालेली चप्पल, आणि तिच्याकडे बघणारी आजी.

चित्रकाराला सूचना देताना हात आखडता घ्या. जे शब्दांत नाही आणि जे नसलं तर गोष्ट कोसळेल, तेवढंच कंसात लिहा, जसं की चपलेचं. लुगड्याचा रंग, दाराची चौकट, कोंबडी कुठे उभी, हे त्याच्यावर सोडा. त्याला म्हैस जास्त चांगली माहीत असते. एक गोष्ट मात्र डमीतच तपासा: महत्त्वाचं काही मधल्या घडीत जाता कामा नये. माझ्या एका पुस्तकात हत्तीची शिंक हाच सगळा विनोद होता आणि सोंडेचं टोक नेमकं घडीत गेलं. छापून आल्यावर हत्ती शिंकतोय की रडतोय ते कळेना. दोष माझाच, डमी करायचा कंटाळा केला होता. ओळी तोडतानाही टाळीवरच तोडा, जागा संपली म्हणून "ऐस-" वर एका ओळीत आणि "पैस" खाली असं नको.

आता प्रकाशकांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. हसवणारी, यमकातली मराठी चित्रपुस्तकं बाजारात कमी का, याचं उत्तर पुष्कळसं छपाईत आहे. चित्रपुस्तकाचा मोठा खर्च चित्रांचा आणि रंगीत छपाईचा. 1957 साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टसारख्या किंवा प्रथम बुक्ससारख्या अनेक भाषांत पुस्तकं काढणाऱ्या संस्थांना एक सोय असते. चित्रं तीच ठेवायची, मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, मग भाषेगणिक काळ्या रंगाची तेवढी प्लेट बदलली की झालं. खर्च दहा भाषांत वाटला जातो. पण "ऐसपैस म्हैस" तमिळमध्ये कशी नेणार? यमक भाषांतरात मरतं, किंवा प्रत्येक भाषेत नव्याने लिहावं लागतं. म्हणून असं पुस्तक बहुतेक वेळा फक्त मराठीत काढणाऱ्या प्रकाशकाच्या एकट्याच्या खांद्यावर येतं आणि तो दहादा विचार करतो. तुम्हाला आलेला नकार यातूनही आलेला असू शकतो, सगळा दोष म्हशीचा नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे 2015 पासून चालू असलेलं खुलं व्यासपीठ एकदा बघा. तिथे मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, आणि कुठलं यमक अनोळखी तोंडात बसतं, कुठलं अडखळतं, याचा अभ्यास घरबसल्या होतो.

कुणी म्हणालं की हे काय बडबडगीतांचं खूळ घेतलंय, काहीतरी गंभीर लिहा, तर मनाला लावून घेऊ नका. 2003 सालचा ज्ञानपीठ ज्यांना मिळाला त्या विंदा करंदीकरांनीच 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' लिहिली.

आता कामाचं. 40 कडव्यांतून 12 ठिकाणं निवडा. डमी करा. मग तुम्ही वाचू नका. ज्याने ही गोष्ट कधी ऐकलेली नाही अशा माणसाच्या हातात ती द्या, शक्यतो कंटाळलेल्या. शेजारचे काका चालतील, रिक्षावाले दादा चालतील. काही सांगू नका, फक्त ऐका. तो जिथे अडखळेल, मागे जाईल किंवा उगीच एखादा शब्द घालेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. पुष्कळदा त्याने चुकून घातलेला शब्दच बरोबर असतो, तो ठेवून द्या. तीन माणसांकडून हे केलंत की एकाच जागी तीन खुणा दिसतील. ती ओळ बदला, बाकीच्यांना हात लावू नका. मुलांना वाचून दाखवाल तेव्हाही "आवडलं का?" विचारू नका, ती ताईंना नाही म्हणत नाहीत. पुस्तक मिटून टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कोण उचलतं ते बघा.

राहिलं नाव. तुम्ही सुचवलेलं 'म्हशीला मिळालेला धडा' नको, शेवट आपण काढून टाकला आहे. 'दारातली म्हैस' ठीक आहे, पण ते नाव चित्रच सांगतं. मुखपृष्ठावर काठोकाठ पसरलेली म्हैस काढायला सांगा, तिच्या पोटाखाली चपलेचा अंगठा, आणि वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द: 'ऐसपैस'.